विजयदुर्गातलं आमचं जुनं घर आणि मागच्या नवीन खोल्या: काम करून दिलेल्या टीमचा रिव्ह्यू

रिव्ह्यू लांब आहे, आधीच सांगून ठेवतो. पण ज्यांचं गावचं घर एखाद्या किल्ल्याच्या, जुन्या देवळाच्या नाहीतर लेण्यांच्या आसपास आहे आणि घरात माणसं वाढलीत, खोल्या कमी पडतायत, आणि गावात जो भेटेल तो "तिथे काय बांधता येत नाय" एवढंच सांगतो, त्यांनी पूर्ण वाचा. आम्ही दोन वर्षं हेच ऐकत होतो.

घर विजयदुर्गात, तालुका देवगड. तळेऱ्याला हायवे सोडला की आत पन्नासेक किलोमीटर, रस्ता संपतो तिथे किल्ला आणि किल्ल्याच्या जमिनीकडच्या बाजूला गाव. घर पणजोबांनी बांधलेलं, मातीत रचलेला चिरा म्हणजे जांभा दगड, फणसाचे आणि ऐनाचे खांब, वर मंगलोरी कौलं. पुढे खळं म्हणजे अंगण, मग लोटा म्हणजे ओसरी, वळय ही आतली खोली, माजघर, देवांची खोली, बाजूला अंधारी बाळंतिणीची खोली, वर माळा. न्हाणी बाहेर आणि संडास त्याहून लांब परसात, माडाखाली. मी डोंबिवलीला असतो, दादा कोविडनंतर बायको-मुलांना घेऊन कायमचा गावी आला, आंब्याचं बघतो. आजी चौऱ्याऐंशीची, ती कधी गाव सोडून गेलीच नाही. म्हणजे बारा महिने राहणारी पाच माणसं आणि गणपतीला आम्ही सगळे पोचलो की तेवीस. दादाची मुलगी दहावीला, तिला अभ्यासाला दार लावून बसायला एक खोली नाही, आणि आजीला रात्री पावसात कंदील घेऊन परसात जायला लागायचं, दोनदा पडली. हे सांगतोय कारण आमची गरज चैनीची नव्हती. रिसॉर्ट बांधायचा नव्हता. दोन खोल्या आणि घराजवळ संडास-बाथरूम, एवढंच हवं होतं.

आता अडचण. विजयदुर्ग हे केंद्राच्या पुरातत्त्व खात्याचं संरक्षित स्मारक. १९५८ चा प्राचीन स्मारकांचा कायदा आहे, त्यात २०१० मध्ये सुधारणा झाली, त्याप्रमाणे संरक्षित हद्दीपासून पहिले १०० मीटर निषिद्ध क्षेत्र, तिथे नवीन बांधकाम अजिबात नाही, आणि त्याच्या पुढचे २०० मीटर नियंत्रित क्षेत्र, तिथे परवानगी घेऊन बांधता येतं. परवानगी राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाच्या म्हणजे एनएमएच्या शिफारशीने सक्षम अधिकारी देतो. विनापरवाना बांधलं तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. म्हणजे साधं प्रकरण नाही.

पहिला माणूस आम्ही धरला तो लांबचा, कोणीतरी ओळखीने पाठवलेला. त्याने घराकडे नीट बघितलंसुद्धा नाही, खळ्यात उभा राहून म्हणाला, परवानगी कसली मिळतेय, मे महिन्यात शनिवार-रविवार बघून घर पाडा, आठ दिवसांत पाया भरून घ्या, एकदा स्लॅब पडला की कोण काढायला येत नाही. आणि चारशे रुपये फूट स्वस्त सांगितलं. खरं सांगायचं तर आमच्यातले दोघंतिघं तयार झाले होते. आजीने ऐकलं आणि ती दोन दिवस जेवली नाही. मग म्हणाली, "माका नवीन घर नको असा नाय रे, पण देवांची खोली हलवू नको." त्या माणसाला आम्ही नको सांगितलं. पुढे टीमच्या इंजिनीयरनी सांगितलं तेव्हा कळलं की तसं केलं असतं तर जुनंही गेलं असतं आणि नवीनही उभं राहिलं नसतं, कारण निषिद्ध पट्ट्यात १६ जून १९९२ च्या आधीच्या घराची दुरुस्ती करता येते, पण तेच घर पाडलंत की परत बांधायचा हक्क तुम्हाला राहत नाही. पुनर्बांधणी वेगळी आणि दुरुस्ती वेगळी, कायद्यात दोन्हीची व्याख्या वेगळी दिलीय. पुनर्बांधणी म्हणजे जुन्याच लांबी-रुंदी-उंचीत परत उभं करणं, आणि ती फक्त १०० मीटरच्या पुढे चालते. हे गावात दहापैकी नऊ जणांना माहीत नाही, आम्हालाही नव्हतं.

तर आता ज्यांचा रिव्ह्यू लिहितोय ते. एक सिव्हिल इंजिनीयर, आम्ही त्यांना काकाच म्हणतो, त्यांच्याबरोबर एक वयस्क सुतार मेस्त्री, दोन गवंडी आणि कौलांचं काम करणारे बापलेक. बोर्ड नाही, ऑफिस नाही. नाव-नंबर इथे टाकत नाही, त्यांनीच सांगितलंय टाकू नको म्हणून, वर्षाला चार कामं घेतात आणि तेवढीच झेपतात. देवगड-राजापूरच्या बाजूला जुन्या घराचं काम केलेल्या कुणालाही विचारा, कळेल.

पहिल्या दिवशी काकांनी टेप काढला नाही की वही काढली नाही. आजीबरोबर चहा घेतला आणि सगळं घर फिरून बघितलं, कोण कुठे झोपतं, स्वयंपाक कुठे, कोकमं कुठे सुकवता, पाणी कुठून भरता, गणपती कुठे बसतो. मग म्हणाले पहिलं काम मोजायचं. आम्ही म्हटलं, मोजलंय, किल्ल्याच्या दरवाज्यापासून आपलं घर एवढं लांब. तर म्हणाले दरवाज्यापासून मोजत नाहीत, संरक्षित हद्द जिथे संपते तिथून मोजतात. तो हद्दीचा नकाशा त्यांनी रीतसर मागवला, मग मशीन लावून आमच्या जागेवर खुंट्या मारल्या. आमच्या घराची मागची भिंत निघाली ९३ मीटरवर. म्हणजे अख्खं जुनं घर निषिद्ध पट्ट्यात आणि परसाचा निम्म्याहून जास्त भाग नियंत्रित क्षेत्रात. शंभर मीटरची रेषा विहिरीच्या अलीकडून, आजीच्या अबोलीच्या वाफ्यावरून जाते. काकांनी तिथे चुन्याची रेघ ओढली. तोपर्यंत गेली दोन वर्षं आम्ही आपापसात "बांधता येतं की येत नाही" यावर भांडत होतो, आणि ती रेघ बघितल्यावर उत्तर अंगणातच दिसलं: पुढचं दुरुस्त करायचं, मागे बांधायचं.

फाईलचं काम ही त्यांची सगळ्यात मोठी जमेची बाजू. काय काय लागलं ते लिहितो म्हणजे कुणाला उपयोग होईल. सातबारा, ग्रामपंचायतीचा असेसमेंट उतारा, घर १९९२ च्या आधीचं असल्याचा पुरावा (आमच्याकडे आजोबांच्या नावाच्या घरपट्टीच्या पावत्या एका ट्रंकेत निघाल्या, सुतळीने बांधलेल्या, कसर लागलेल्या पण वाचता येणाऱ्या), चारी बाजूंचे फोटो, स्मारक आणि घर यांच्यातलं अंतर दाखवणारा नकाशा, प्लॅन, सेक्शन, आणि उंची. उंची म्हणजे छपरापर्यंतची नाही, वर पाण्याची टाकी, जिन्याची खोली जे काय असेल ते सगळं धरून. दुरुस्तीचा अर्ज वेगळा, नवीन खोल्यांचा वेगळा. शिवाय समुद्रकिनारा आणि खाडी असल्यामुळे सीआरझेड म्हणजे किनारी भागातल्या बांधकामाचे नियम, आणि ग्रामपंचायत-तहसीलच्या परवानग्या आहेतच, त्या यातून सुटत नाहीत.

कायद्यात मुदत दिलेली आहे, सक्षम अधिकाऱ्याने अर्ज १५ दिवसांत पुढे पाठवायचा, प्राधिकरणाने दोन महिन्यांत कळवायचं, त्यानंतर महिनाभरात निर्णय. आमचं सगळं मिळून सात महिने गेले आणि त्यातला बराचसा उशीर आमचाच, सातबाऱ्यावर चौदा नावं, एक आत्या बडोद्याला, एक चुलतभाऊ बोटीवर, संमतीच्या सह्या गोळा करता करता अडीच महिने. एक चूक मात्र टीमची होती, पहिल्या ड्रॉइंगमध्ये पाण्याची टाकी दाखवायची राहिली होती म्हणून त्रुटी निघाली आणि परत सगळं करायला लागलं. काकांनी मान्य केलं आणि दुसऱ्या ड्रॉइंगचे पैसे घेतले नाहीत.

आता खरं काम, जुनं घर. मला वाटलं होतं की मेस्त्री येतील, कुजलेलं काढतील, नवीन लावतील. तसं नव्हतं. मेस्त्री पहिले दोन दिवस नुसते खांब वाजवत होते. हातोडीचा दांडा घेऊन खालपासून वरपर्यंत ठोकत जायचे आणि कान लावायचे, जिथे आवाज बदलला तिथे खडूने खूण. लोट्याचा उजवीकडचा खांब, ज्याच्याकडे बघून पहिला माणूस म्हणाला होता की हा गेला, पडायला आलाय, तो मेस्त्रींनी वाजवला, तळाशी चाकूचं टोक घातलं तर भुसा आला, पण दीड फुटाच्या वर चाकूचं टोक आतच जाईना. मला म्हणाले, "ह्या लाकूड अजून शंभर वर्सा काढतला. तळाक पाणी लागला म्हणान कुजला, वरचा शाबूत आसा." मग छप्पर जॅकवर तोललं, खांबाचा खालचा दीड फूट कापला, तेवढाच फणसाचा जुना तुकडा (दुसऱ्या एका पाडलेल्या घरातला, त्यांनी जपून ठेवलेला) सांधा मारून बसवला, मधे खुंटी, आणि खाली काळ्या दगडाची बैठक दिली म्हणजे परत जमिनीचं पाणी चढायला नको. सांधा आज बोटाने शोधायला लागतो. एका खांबाला तीन दिवस लागले. नवीन खांब अर्ध्या दिवसात उभा राहिला असता, पण तो खांब पणजोबांचाच राहिला, आणि मुख्य म्हणजे दुरुस्ती ही दुरुस्तीच राहिली, कायद्याच्या भाषेतही.

कौलं उतरवली तेव्हाची एक गोष्ट. बापलेक वरून एकेक कौल देत होते आणि मी आणि पुतणी खाली रचत होतो, शाबूत एकीकडे, फुटकी एकीकडे. पुतणीने एक कौल उलटं केलं आणि नारळाच्या काथ्याने घासलं तर मागे इंग्रजी अक्षरं उठली, बासेल मिशन, मंगलोर. ती म्हणाली मंगलोरची कौलं इथे कशी. मग तिला सांगितलं की जर्मन-स्विस मिशनऱ्यांनी १८६५ मध्ये मंगलोरला नेत्रावतीच्या काठी पहिला कौलांचा कारखाना काढला आणि तिथली कौलं गलबतांतून पश्चिम किनाऱ्यावरच्या बंदरांत जायची. बंदराचं गाव होतं आपलं म्हणून आपल्याकडे एवढ्या लवकर कौलं आली, आतल्या गावांत तेव्हा नळे म्हणजे अर्धगोल गावठी कौलं नाहीतर गवत. तिने ते कौल धुतलं आणि बाजूला ठेवलं. आता ते तिच्या नवीन खोलीत खिडकीत आहे. बाकीची पंचाहत्तर टक्के तरी कौलं परत वर चढली, कमी पडली ती काकांनी जुन्या बाजारातून आणली, नवीन आणली नाहीत, कारण नवीन आणि जुन्याचं माप आणि खाच जुळत नाही आणि पावसात तिथूनच गळतं.

भिंतींचं सांगायला पाहिजे. बाबांनी १९८९ मध्ये वळयीला आतून सिमेंटचा गिलावा मारला होता, हौसेने, तेव्हा सगळेच मारत होते. तेव्हापासून त्या खोलीला कायम ओल, दर दोन वर्षांनी रंग सुटायचा आणि आम्ही परत रंग मारायचो. काकांनी समजावलं की चिरा सच्छिद्र दगड, तो पावसात पाणी पितो आणि उन्हात सोडतो, मातीचा सांधाही तसाच, त्याच्यावर सिमेंटचा कोट घातला की पाणी बाहेर पडायची वाट बंद होते आणि ते आतल्या बाजूला वर चढत राहतं. सगळं सिमेंट छिन्नीने खरवडून काढलं, त्यात चिऱ्याचे कोपरे उडाले ते जांभ्याच्याच भुकटीत चुना कालवून भरले, आणि मग चुन्याचा गिलावा तीन हातांत. चुना तीन आठवडे खड्ड्यात भिजत होता, रोज घोटायचा. घाई करणाऱ्याला हे काम नाही. एका पावसाळ्यानंतर सांगतो, वळयीची भिंत पहिल्यांदा कोरडी राहिली. वास गेला. तो ओला वास मला लहानपणापासून घराचाच वास वाटायचा, तो सिमेंटचा होता हे आत्ता कळलं.

मागच्या नवीन खोल्या. इथे मला भीती होती, मागे काहीतरी सिमेंटचा डबा उभा राहील आणि पुढचं घर त्याच्यापुढे बापुडवाणं दिसेल. तसं झालं नाही. दोन खोल्या, मधे संडास-बाथरूम, पुढे छोटा लोटा, सगळं मिळून ४५० चौरस फूट. पाया आणि वरचा बेल्ट आरसीसीचा, भिंती चिऱ्याच्या, बाहेरून गिलावा नाही, छप्पर लोखंडी पाईपवर कौलारू. आडं म्हणजे छपराचा माथा जुन्या घराच्या आड्यापेक्षा साडेतीन फूट खाली ठेवलाय, टाकी कौलांवर न ठेवता विहिरीजवळ बुटक्या चौथऱ्यावर. खळ्यात उभं राहिलं की मागे काही बांधलंय हे कळतच नाही, आणि किल्ल्याच्या बाजूने बघितलं तर माडांमधे आधी जशी कौलं दिसायची तशीच दिसतात. आत मात्र सगळं आजचं, मोठ्या खिडक्या, मच्छरजाळी, फरशी, टॉयलेटला हाताला धरायचा दांडा, दाराला उंबरा नाही कारण आजीला पाय उचलवत नाही. छपरात तीन काचेची कौलं घातलीत, पुतणीला दिवसा लाईट लावायला लागत नाही.

मला टीममधलं सगळ्यात आवडलं ते हे की त्यांच्या डोक्यात जुनं घर आणि नवीन खोल्या ही दोन कामं नव्हती. जुन्या घरात आम्ही वर्षानुवर्षं कोंबून राहिलो म्हणूनच ते खराब झालं होतं, माळ्यावर गाद्या, देवांच्या खोलीत तांदळाची पिंपं, बाळंतिणीच्या खोलीत मोटरसायकलचे पार्ट, लोट्याला पत्रे मारून केलेली दादाची बेडरूम. मागे जागा झाली तसे ते पत्रे निघाले आणि लोटा परत मोकळा झाला. नवीन खोल्या झाल्या नसत्या तर जुनं घर वाचलं नसतं, नुसती कौलं बदलून काही उपयोग नव्हता.

आता उणं काय ते. एक, मधली दहा मीटरची मोकळी पट्टी. तिचा बराचसा भाग निषिद्ध पट्ट्यात येतो त्यामुळे वर छप्पर घालून दोन्ही घरं जोडता येत नाहीत. पावसात स्वयंपाकघरातून मागे जाताना छत्री लागते, जेवणाची भांडी झाकून न्यावी लागतात. काकांनी चिऱ्याची फरसबंदी आणि दोन्ही बाजूंनी पाटाचं पाणी काढून दिलंय, पाय चिखलात जात नाही, पण भिजायला होतंच. दोन, वांदर. कौलारू केलंत की वांदर आलेच. या वर्षी अकरा कौलं फुटली. वळचणीची कौलं तारेने बांधलीत, खाली जीआयची जाळी आहे त्यामुळे तुकडे घरात पडत नाहीत, पण दर मे महिन्यात शाकारणीला म्हणजे कौलं परत नीट लावायला माणूस लागणार हे धरूनच चाला. गावात लोक पत्रे घालतात त्याला बाकीचे नावं ठेवतात, पण वांदर आणि शाकारणीला न मिळणारा माणूस ही दोन कारणं आहेत, हौस नाही. तीन, वेळ. मार्चअखेर सांगितलं होतं, मे उजाडला, कारण मेस्त्री एकच आणि त्यांच्या हाताखाली शिकायला पोरगा नाही. मधे त्यांना ताप आला तर बारा दिवस काम थांबलं. हा माणूस गेल्यावर ही कामं कोण करणार हा प्रश्न मला अजून पडतो, आयटीआयमध्ये असला सांधा मारायला शिकवायला हवं. चार, बोलण्यात काका तुटक आहेत, फोन उचलत नाहीत, व्हॉट्सअ‍ॅपवर अंगठा दाखवतात आणि त्याचा अर्थ हो की बघितलं ते आपण ठरवायचं. हिशोब मात्र पैशापैशाचा, वहीत.

खर्च, सगळे विचारतात म्हणून. जुन्या घराची दुरुस्ती ६ लाख ४० हजार, नवीन खोल्या २१०० रुपये फुटाने ९ लाख ४५ हजार, फाईल, मोजणी आणि ड्रॉइंगचे ५५ हजार. पाडून नवीन स्लॅबचं घर याच पैशांत झालं असतं का, तर कदाचित होय, जरा वर घालून. पण जिथे ते बेकायदा ठरलं असतं तिथे हा हिशोब करण्यात अर्थ नाही.

एक गोष्ट रिव्ह्यूमध्ये बसत नाही पण लिहितोच. आमचं जमलं कारण आमचं परसू लांब होतं. आमच्या पुढच्या घराला तो पर्याय नाही, त्यांची सगळी जागा पहिल्या शंभर मीटरात. त्यांच्या मुलाला घरकुल मंजूर झालं, १ लाख २० हजार मिळायचे, किमान २५ चौरस मीटरचं घर, पण बांधायचं कुठे? त्या घरातली मावशी आमच्या लोट्यात बसून म्हणाली, "किल्लो आमचोच आसा, पण त्याच्यापायी झिलाक खोली बांधूक गावणा नाय." याच्यावर मला उत्तर देता आलं नाही. किल्ल्यापासून लांब, गावाच्याच वरच्या अंगाला अशा कुटुंबांना जागा द्यायला हवी असं मला मनापासून वाटतं, आणि ती देताना जुनं घर सोडून द्यायची अट नको. २०२३ मध्ये संसदेच्या समितीनेही सगळ्या स्मारकांना सरसकट १०० आणि २०० मीटर लावण्याचा फेरविचार करा असं सुचवलं होतं. २०१० च्या कायद्यातच प्रत्येक स्मारकासाठी वेगळे नियम, म्हणजे हेरिटेज बायलॉज करायची तरतूद आहे. मला वाटतं गावातल्या लोकांनी त्याचाच पाठपुरावा करायला हवा: कुठे किती उंची, कसलं छप्पर, कुठल्या बाजूला मोकळं ठेवायचं, हे त्या त्या गावात बसून ठरलं तर लोक पाळतील. कारण विजयदुर्ग म्हणजे नुसता तट नाही. इथे आरमार होतं, शेजारी गिर्यात आंग्र्यांच्या काळातली गोदी आहे, जहाजं बांधणारे, शीड शिवणारे, दोर वळणारे लोक या किनाऱ्यावरच राहत होते. ती वस्ती उठली तर किल्ला राखायचा कोणासाठी?

११ जुलै २०२५ ला बातमी आली की मराठा लष्करी भूदृश्यं (मराठा मिलिटरी लँडस्केप्स) म्हणून बारा किल्ले युनेस्कोच्या यादीत गेले, त्यात आपला विजयदुर्ग. गावात फटाके वाजले आणि त्याच संध्याकाळी चार जण घरी विचारायला आले की आता नियम अजून कडक होणार का, आपल्याला उठवणार का. काकांना फोन लावला, त्या दिवशी उचलला. म्हणाले १०० आणि २०० मीटर आधीपासूनच आहेत, यादीत नाव आलं म्हणून तुमचं राहतं घर कोणी काढत नाही, पण आता लक्ष जास्त राहील, म्हणून ज्यांचे कागद नाहीत त्यांनी जुन्या घरपट्टीच्या पावत्या शोधा आणि घराचे चारी बाजूंनी फोटो काढून ठेवा. दुसऱ्या दिवशी पुतणीने मोबाईल घेऊन वाडीतल्या नऊ घरांचे फोटो काढून दिले.

त्या वर्षीचा गणपती, २७ ऑगस्टला, नेहमीच्याच जागी वळयीत बसला. गणपतीवर फळं-पानं टांगायची माटवी बांधायला मेस्त्रींना मुद्दाम बोलावलं होतं. आजी मागच्या खोलीत झोपायला जायला तयार नव्हती, म्हणायची देवांना एकटं ठेवून कशी जाऊ. मग दादाने तिची खाट वळयीतच ठेवली आणि मागचा संडास तेवढा वापरायचा ठरलं, आणि रात्री त्या दहा मीटरच्या फरसबंदीवर सोलरचे छोटे दिवे लागतात त्या उजेडात ती एकटी जाते-येते, गेल्या पावसापासून एकदाही पडली नाही.

माझ्याकडून पाचपैकी साडेचार. अर्धा कापला तो टाकीच्या ड्रॉइंगचा आणि फोन न उचलण्याचा. ज्यांना काम द्यायचंय त्यांनी पावसाळा संपायच्या आत जाऊन भेटा, सप्टेंबरमध्ये त्यांचं वर्ष भरतं. आमचा लोट्याचा डावीकडचा खांब अजून राहिलाय, त्याच्यावरही खडूची खूण आहे, शिमग्यानंतरची तारीख दिलीय.